चंद्रपर्वताचा लोहार : गास्सान सादाकाझु

२८ मार्च १८७६ रोजी जपानच्या नव्या सरकारने एक फर्मान काढले. दरबारी पोशाखातील मानकरी आणि लष्कर-पोलिसांतील अंमलदार सोडून यापुढे कोणीही कमरेला तलवार लावून हिंडू नये, असा त्याचा आशय. तलवार घरात ठेवायला बंदी नव्हती, घडवायलाही नव्हती. फक्त ती लावून रस्त्यावर यायचे नाही. पण शस्त्र हेच ज्यांच्या अंगावरचे लेणे होते, त्या सामुराई वर्गाला या ‘फक्त’चा अर्थ बरोबर कळला. एक लांब आणि एक आखूड अशी दोन पाती कमरेला लावण्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या त्यांचा होता, तो गेला. त्याच वर्षी त्यांचे वंशपरंपरागत तनखेही सरकारने रोखे हातावर ठेवून मिटवून टाकले. काही जण चिडून उठले; त्यांची बंडे पुढच्या दीड वर्षात मोडली गेली. बाकीचे शिक्षक झाले, कारकून झाले, पोलिसांत गेले.

सामुराईंविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, चित्रपटही निघाले आहेत. त्यांच्या तलवारी घडवणाऱ्यांचे पुढे काय झाले, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. ओसाका शहरात त्या वेळी चाळीस वर्षांचा एक लोहार होता. दहा-अकरा वर्षांचा असल्यापासून तो ऐरणीपुढे बसत आला होता आणि आता कुठे त्याचा हात पुरता तयार झाला होता. त्याचे नाव गास्सान सादाकाझु. पुढे तीस वर्षांनी, तो सत्तरीला पोचल्यावर, त्याच राज्याच्या राजवाड्याने त्याला बोलावून घेतले आणि कलावंताला मिळू शकणारा सर्वांत मोठा मान दिला. १८७६ आणि १९०६ या दोन सालांच्या मधली वर्षे हा या लेखाचा खरा विषय आहे. त्याआधीची हकीकतही सांगायला हवी, कारण तिच्यावाचून या तीस वर्षांची किंमत कळत नाही.

गास्सान हे एका डोंगराचे नाव. त्याचा अर्थ चंद्रपर्वत. जपानच्या मुख्य बेटाच्या उत्तर भागात पूर्वी देवा नावाचा प्रांत होता (नावात देव असला तरी आपल्या देवाशी त्याचा संबंध नाही). आज तो भाग यामागाता म्हणून ओळखला जातो. तेथे तीन पवित्र डोंगर आहेत आणि त्यांत गास्सान सर्वांत उंच. पांढरी वस्त्रे नेसलेले यात्रेकरू आणि डोंगरात राहून तप करणारे बैरागी यांची तेथे शतकानुशतके ये-जा आहे. त्या डोंगराच्या पायथ्याशी लोहारांची एक परंपरा रुजली, ती आठशे वर्षांपूर्वीची मानली जाते. तेथील पात्यांच्या पोलादावर एक खास नक्षी दिसे. ती वरून काढलेली नसे, पोलादाच्या अंगातच असे. एकामागून एक चाललेल्या समांतर लाटांसारख्या त्या रेघा. जपानीत तिला आयासुगी म्हणतात. वाळूवरून पाणी ओसरल्यावर गोदेच्या पात्रात जशा वळ्या उमटतात, तशाच त्या दिसतात. बाशो या थोर कवीने १६८९ साली उत्तरेकडे पायी प्रवास केला, तेव्हा तो या डोंगरावर चढला होता, आणि आपल्या प्रवासवर्णनात त्याने तेथील लोहारांची आणि त्यांच्या पात्यांवर कोरल्या जाणाऱ्या ‘गास्सान’ या नावाची आठवण नोंदवून ठेवली आहे. पण पुढे ही परंपरा क्षीण होत गेली. तिला पुन्हा उभे केले ते सादायोशी नावाच्या एका कारागिराने. त्याचा जन्म १८०० सालचा. तो एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, शिकला आणि तेथून ओसाकाला येऊन त्याने भट्टी घातली. ओसाका हे व्यापाऱ्यांचे शहर. गिऱ्हाईक तेथेच.

सादाकाझुचा जन्म १८३६ चा, ओमी प्रांतातला. तो गास्सान घराण्यात जन्मला नव्हता. सहा-सात वर्षांचा असताना सादायोशीने त्याला दत्तक घेतले. जपानात कारागिरांच्या घरी ही रीत फार जुनी. पोटचा मुलगा नसला, किंवा असूनही त्याच्या हातात कसब नसले, तर चुणचुणीत पोर पाहून दत्तक घ्यायचे आणि घराण्याचे नाव, हत्यारे आणि गुपिते त्याच्या स्वाधीन करायची. आपल्याकडे गाण्याच्या घराण्यांत गंडाबंधनाने जे होते, ते तेथे दत्तकविधीने होते. रक्तापेक्षा हाताला मान देणारी ही व्यवस्था मला तरी शहाणपणाची वाटते. तिच्यामुळेच एका खेड्यातल्या पोराला आठशे वर्षांचे आडनाव मिळाले.

पोर काय शिकले, ते नीट पाहू. त्यासाठी लांब तलवारीपेक्षा तांतो, म्हणजे जपानी कट्यार, पुढे ठेवलेली बरी. तिचे पाते एक शाकूपेक्षा, म्हणजे सुमारे तीस सेंटिमीटरपेक्षा कमी. शाळकरी पोराच्या फूटपट्टीएवढे. एकाच बाजूला धार, बहुधा मधे कणा नसलेले सपाट अंग. दिसायला सोपी वस्तू. पण लांब पात्यात नजर फिरती राहते. या वीतभर पात्यात ती एके ठिकाणी थांबते, आणि दोष असला तर तेथेच सापडतो.

आधी पोलाद. जपानात लोखंडाच्या खाणी थोड्या, म्हणून तेथे नद्यांतली व डोंगरांतली काळी लोहरेती वापरतात. मातीची लांबट भट्टी बांधून तिच्यात तीन दिवस, तीन रात्री आळीपाळीने रेती आणि कोळसा टाकत राहायचे. शेवटी भट्टीच फोडून आतला गोळा बाहेर काढायचा. आजही या पद्धतीने पोलाद करतात, तेव्हा सुमारे दहा टन रेती आणि बारा टन कोळसा खर्ची पडून अडीच टनांचा गोळा निघतो आणि त्यातले उत्तम पोलाद एक टनाच्याही आत भरते. या पोलादाला तामाहागाने म्हणतात. लोहार त्याचे तुकडे पाडून, रंग आणि भंग पाहून निवडतो, ते रचतो, तापवून एकजीव करतो, ठोकून लांबवतो, मधे छिन्नीची खूण देऊन घडी घालतो, पुन्हा ठोकतो. दहा घड्या घातल्या की थर हजारावर जातात. पंधरा घातल्या तर बत्तीस हजारांवर. ही कसरत शोभेसाठी नाही. कच्च्या पोलादात कुठे कर्ब जास्त, कुठे कमी, कुठे मळ अडकलेला. घड्या घालून तो मळ बाहेर फेकायचा आणि पोलाद सारखे करायचे. अंगावरची नक्षी ही त्या घड्यांची खूण. आयासुगीच्या लाटा याच घड्यांतून, हेतुपूर्वक काढाव्या लागतात.

घण मारणारे शिष्य असतात; गुरू हातातल्या छोट्या हातोडीने कुठे आणि किती मारायचे ते सुचवतो. ही तऱ्हा आपल्याला नवी नाही. आपल्या बाजाराच्या दिवशी वाटेच्या कडेला पाल टाकून बसलेला घिसाडी लहान हातोडीने टिचकी देतो आणि समोर उभी असलेली त्याची बायको त्या जागी घण घालते. घिसाड्याच्या बायकोच्या घणाचा नेम ज्याने पाहिला आहे, त्याला ओसाकाच्या भट्टीतली लय समजावून सांगावी लागणार नाही.

मग येते पाणी. आपल्या भाषेत हत्याराला ‘पाणी पाजतात’, माणूसही पाणीदार असतो. हे शब्द लोहाराच्या घरून आले आहेत. जपानी लोहार पात्याला माती, कोळशाची भुकटी आणि दगडाची पूड यांचा लेप देतो. कण्याकडे जाड, धारेकडे पातळ. मग अंधाऱ्या खोलीत, रंग नीट दिसावा म्हणून, पाते तापवतो आणि क्षणात पाण्यात बुडवतो. पातळ लेपाखालची धार झटकन थंड होऊन काचेसारखी कठीण होते. जाड लेपाखालचा कणा हळू निवतो आणि चिवट राहतो. दोन्हीच्या सीमेवर धुक्यासारखी पांढरट रेघ उमटते. तलवारीचा सुप्रसिद्ध बाकही पुष्कळसा या क्षणी येतो. धारेचे पोलाद कठीण होताना फुगते आणि पाते मागे झुकते. याच क्षणी पाते तडकूही शकते. तडकले, की महिन्याचे काम मोडीत. पाण्याची उष्णता हे प्रत्येक घराण्याचे गुपित. एका शिष्याने चोरून पाण्यात हात घालून पाहिला म्हणून गुरूने तो हात तोडला, अशी आख्यायिका जपानात सांगतात. ती खरी असो वा नसो, शिष्यांना रात्री झोप येऊ नये एवढे काम ती करत असणार.

हे सारे सादाकाझु शिकला आणि त्याच्या तारुण्याचा काळही त्याला अनुकूल निघाला. १८५३ साली अमेरिकेचा नौदल अधिकारी पेरी आपली काळी जहाजे घेऊन जपानच्या किनाऱ्याला लागला. दोनशे वर्षांहून अधिक काळ मिटलेला देश हादरला. परकीयांना हाकला म्हणणारे, सम्राटाला पुन्हा गादीवर बसवा म्हणणारे, जुन्या शोगुनशाहीला धरून राहणारे, अशी चहूकडे तरुणांची पथके उभी राहिली आणि प्रत्येकाला तलवार हवी होती. लांब, जड, सरळसोट पात्यांची मागणी वाढली. अडीचशे वर्षांच्या शांततेत सुस्तावलेल्या भट्ट्या रात्रंदिवस पेटू लागल्या. १८६८ मध्ये सम्राटाची सत्ता आली, मेइजी पर्व सुरू झाले. ज्या तलवारींनी हे राज्य आणले, त्यांनाच आठ वर्षांत या राज्याने कमरेवरून उतरवले. १८७० मध्ये सादायोशी वारला. फर्मान पाहायला तो उरला नाही.

फर्मानानंतर ओसाकात काय झाले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. पाती घडवणारा, त्यांना झिलई देणारा, म्यान करणारा, मुठीला रेशमी फीत गुंडाळणारा, मुठीपुढची चकती कोरणारा, असे पाच-सहा कारागीर एका तलवारीवर जगत. त्यांच्यातला जो तो वाट शोधू लागला. कानो नात्सुओ हा धातूवर कोरीवकाम करणारा त्या काळचा अग्रगण्य कलावंत. त्याने नव्या नाण्यांचे नक्षीकाम हाती घेतले. १८७१ मध्ये ओसाकातच सरकारी टांकसाळ उघडली होती. ज्या हाताने तलवारीच्या चकत्यांवर पाने-फुले कोरली, त्याच हाताने येनच्या नाण्यावरचा नाग कोरला. ओसाकाच्या दक्षिणेला लागूनच साकाई नावाचे शहर आहे. तेथल्या सुऱ्या फार पूर्वीपासून नावाजलेल्या. पुष्कळ लोहार सुऱ्या, कात्र्या, वस्तरे, शेतीची अवजारे यांकडे वळले. त्यात कमीपणा काहीच नव्हता. चांगली सुरी हीही चांगलीच वस्तू. काहींनी मात्र दुसरी वाट धरली. परदेशी व्यापाऱ्यांना जुन्या वस्तूंचे वेड लागले होते, तेव्हा नव्या पात्यावर जुन्या नामवंत लोहाराची खोटी सही कोरून ते खपवायचे. या धंद्याला तेव्हा बरकत होती. खऱ्या जुन्या तलवारी तर कवडीमोलाने विकल्या गेल्या आणि बोटीत भरून युरोप-अमेरिकेला गेल्या. आज तिकडच्या वस्तुसंग्रहालयांत त्या काचेआड आहेत.

येथे थोडे आपल्याकडे वळून पाहावेसे वाटते, कारण तारखाच तशा आहेत. जपानचे फर्मान १८७६ चे. हिंदुस्थानात लॉर्ड लिटनने हत्यारांचा कायदा केला तो १८७८ साली, अवघ्या दोन वर्षांनी. परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरला. जपानात आपल्याच सरकारने आपल्याच लोकांच्या कमरेवरची तलवार काढली. येथे परक्याने काढली आणि घरातलीही काढली. आपल्या जिल्ह्याला शस्त्रकर्माचा इतिहास नाही असे नाही. विजापूरच्या बुरुजावर आजही असलेली मुलूखमैदान तोफ १५४९ मध्ये निजामशाहीच्या अहमदनगरात ओतली गेली. दक्षिणेच्या पोलादापासून दमास्कसची नामांकित पाती घडत, हे तर जगजाहीर आहे. मराठ्यांच्या फौजांमागे लोहार आणि शिकलगार असत. खुद्द कोपरगावात राघोबादादांचा वाडा आहे. अटकेपर्यंत गेलेल्या फौजेचा हा सेनानी १७८३ साली येथेच वारला. त्या फौजेच्या पट्ट्यांना, बिचव्यांना, कट्यारींना धार कोणी लावली? एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. मुलूखमैदानावर ती ओतणाऱ्या रूमी कारागिराचे नाव आहे, पण ती तोफ होती आणि तो सुलतानाच्या पदरी होता. आमचा लोहार पात्यावर नाव घालत नसे. कायदा आल्यावर शिकलगार कात्र्या-सुऱ्यांना धार लावत दारोदार फिरू लागला, आणि त्याच्या हाताला पूर्वी काय येत होते हे दोन पिढ्यांत त्यालाही सांगता येईनासे झाले. कारखान्यांच्या या मुलखात आज आपल्या रोजच्या ओळखीचे पाते म्हणजे ऊसतोडीचा कोयता. तो मालमोटारीच्या जुन्या कमानपाट्यातूनही उत्तम होतो. त्याची थोरवी वेगळी. पण जुन्या पात्याशी त्याचा धागा तुटलेला आहे.

जपानी लोहार नाव घालतो. मुठीत जाणारा पात्याचा जो मागचा भाग, त्यावर तो छिन्नीने आपले नाव, गाव, कधी साल आणि म्हातारपणी कधी कधी वयही कोरतो. मूठ काढल्याशिवाय ते दिसत नाही. ही सही दाखवण्यासाठी नसते, जबाबदारी घेण्यासाठी असते. तिच्यामुळेच सादाकाझु त्या तीस वर्षांत काय करत होता, ते आज आपल्याला पात्यांवरून वाचता येते.

तो पाती घडवत होता. एवढेच. ज्या देशात तलवार लावायची नाही, तेथे तो तलवारी आणि कट्यारी घडवत राहिला. मागणी अगदीच शून्य होती असे म्हणता येणार नाही. जुने रसिक होते, देवळे होती. ईसे येथील महादेवालय दर वीस वर्षांनी नवे बांधतात आणि देवाची शस्त्रे व वस्त्रेही नवी करतात, त्यामुळे शस्त्रकलेला तेवढा एक आधार उरला होता. पण एवढ्यावर देशभरच्या लोहारांचे पोट भरणे शक्यच नव्हते. केवळ पात्यांवर ज्यांनी संसार चालवला असे लोहार त्या काळात बोटांवर मोजण्याइतके उरले, त्यांतला हा एक.

आणि त्याने नुसते तग धरणे पत्करले नाही. तलवारकलेची जपानात पाच जुनी घराणी मानली जातात : यामाशिरो, यामातो, बिझेन, सोशू आणि मिनो. प्रत्येकाची पोलाद मिसळण्याची, घड्या घालण्याची, पाणी पाजण्याची रीत निराळी. सर्वसाधारण लोहार यांतले एक आयुष्यभर सांभाळतो. सादाकाझुने पाचही हातात आणली. एखाद्या गवयाने ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर, किराणा अशी सारी गायकी गळ्यावर चढवावी आणि आपल्या घराण्याची चीजही शुद्ध ठेवावी, तसा हा प्रकार. शिवाय आपल्या डोंगराची लाटांची नक्षी, जी दत्तक वडिलांनी पुन्हा हाती घेतली होती, ती त्याने अशी पक्की केली की आज आयासुगी म्हटले की त्याच्या घराण्याचे नाव येते. गिऱ्हाईक नसलेल्या काळात माणूस कामाचा दर्जा उतरवतो. घाई नव्हती, विचारणारे कोणी नव्हते, म्हणून हा वाढवत बसला. मला हा त्याच्या आयुष्यातला सर्वांत कठीण आणि सर्वांत मोठा भाग वाटतो.

त्याचे दुसरे कसब कोरीवकामाचे. पाते घडवणारा एक आणि त्यावर कोरणारा दुसरा, अशी पुष्कळदा विभागणी असे. सादाकाझु दोन्ही स्वतः करी. खड्गाला वेटोळे घालून त्याचे टोक गिळू पाहणारा नाग हा त्याच्या हातचा विशेष. येथे मराठी वाचकाने थोडे थांबावे. हा नाग ज्या देवतेचे रूप, ती फुदो. उजव्या हातात खड्ग, डाव्या हातात पाश, पाठीमागे ज्वाळा, मुद्रा उग्र. फुदो म्हणजे न हलणारा. मूळ संस्कृत नाव अचल, अचलनाथ. बौद्ध तंत्रमार्गातली ही देवता भारतातून चीनला आणि तेथून नवव्या शतकाच्या आरंभी कुकाई या भिक्षूबरोबर जपानला गेली. पात्यांवर तिचे चित्र कोरतात, आणि कधी चित्राऐवजी नुसते बीजाक्षर. ते बीजाक्षर संस्कृत आहे, ‘हां’, आणि सिद्धम् लिपीत लिहिलेले असते. ती लिपी आपल्या देवनागरीची जुनी बहीण. भारतातून ती केव्हाच गेली. जपानच्या देवळांत आणि पात्यांवर मात्र आजही जिवंत आहे. संस्कृत न वाचता येणारे लोहार हजार मैलांवर, तापल्या पोलादाशी झगडून झाल्यावर, आपले अक्षर जपून कोरत होते.

१९०४-०५ मध्ये जपानने रशियाचा पराभव केला. आशियातील एका देशाने युरोपातल्या साम्राज्याला नमवले, या बातमीने महाराष्ट्रही थरारला होता. पुण्या-मुंबईच्या मराठी वृत्तपत्रांतून जपानचे गोडवे गायले जात होते. त्या विजयात तोफा होत्या, आरमार होते. जुन्या तलवारीचे त्यात फारसे काम नव्हते. तरी विजयाबरोबर आपल्या जुन्या गोष्टींचा अभिमान परत येतो. १९०६ मध्ये सादाकाझु आणि मियामोतो कानेनोरी या दोन लोहारांना राजगृहाचे कलावंत म्हणून नेमण्यात आले. हा मान १८९० पासून चित्रकार, मूर्तिकार, विणकर, कुंभार यांना मिळत आला होता. १९४४ पर्यंत तो ७९ जणांना मिळाला आणि त्यांत तलवार घडवणारे हे दोघेच. मेइजी सम्राट स्वतः पात्यांचा मोठा दर्दी होता. ज्याच्या सरकारने तलवार रस्त्यावरून उठवली, तोच राजवाड्यात ती हातात घेऊन तासन्‌तास पाहत बसे. सादाकाझुने उरलेली वर्षे राजघराण्यासाठी आणि मानकऱ्यांसाठी पाती घडवली.

एका प्रश्नाला बगल देता येणार नाही. हे शेवटी माणूस मारायचे हत्यार आहे. त्याच्या सौंदर्याची इतकी स्तुती करावी का? जपानी माणसालाही हा प्रश्न नवा नाही. १३ सप्टेंबर १९१२ रोजी, मेइजी सम्राटाच्या अंत्ययात्रेच्या दिवशी, रशियन युद्धातला प्रसिद्ध सेनापती नोगी याने स्वामीमागे जीव दिला, आणि त्याच्या पत्नीनेही कट्यारीने स्वतःचा अंत केला. साऱ्या देशाने ते भक्तिभावाने पाहिले, काहींनी जाहीर नापसंतीही दाखवली. कट्यार या बाजूलाही झुकते.

दुसरी बाजूही तितकीच खरी. जपानच्या राजघराण्यात मूल जन्मले की काही दिवसांत सम्राटाकडून त्याच्यासाठी एक छोटी कट्यार येते. ती बाळाच्या उशाशी ठेवतात. अलीकडे २००१ आणि २००६ मध्ये जन्मलेल्या राजकन्येला आणि राजपुत्रालाही ती मिळाली. साध्या घरांतही पारंपरिक पोशाखातली नवरी कमरेच्या पट्ट्यात छोटी कट्यार खोचते. यांतले एकही पाते कधी उपसायचे नसते. अभद्र दूर राहावे, एवढाच हेतू. आपल्याकडे पाचवीच्या रात्री पाटा-वरवंट्याशेजारी विळा किंवा कोयती मांडतात, बाळंतिणीच्या उशाखाली लोखंड ठेवतात, तो भाव यापेक्षा वेगळा नाही. सटवाईला भिणाऱ्या आपल्या आजीला ओसाकाच्या लोहाराने घडवलेली बाळकट्यार पाहून मुळीच नवल वाटले नसते. फक्त, आपण बाळाजवळ घरातला विळा ठेवतो आणि ते देशातल्या सर्वोत्तम हाताने महिनोन्‌महिने घडवलेले पाते ठेवतात. कधीच वापरायची नसलेली वस्तू निर्दोष करण्यासाठी एवढा आटापिटा का, हे त्या लोहारांना विचारून उपयोग नाही. त्यांना दुसऱ्या तऱ्हेने घडवताच येत नाही.

सादाकाझु १९१८ मध्ये ओसाकात वारला, ऐंशी ओलांडून. त्याचा मुलगा सादाकात्सु हा १८६९ चा. फर्मान निघाले तेव्हा सात वर्षांचा. म्हणजे तो सगळा भाकड काळ त्याने बापाच्या भट्टीपुढे काढला आणि बापाच्या उतारवयात पात्यांचे बरेच काम त्यानेच उचलले. १९४३ मध्ये तोही गेला. तोवर पुन्हा लढाई पेटली होती आणि लष्करी अधिकाऱ्यांसाठी कारखान्यांतून तलवारी निघत होत्या. त्यांतील बहुतेकांत ना घड्या घातलेले पोलाद होते, ना जुन्या रीतीचे पाणी. १९४५ मध्ये जपान शरण गेला आणि विजेत्यांनी तलवारी जप्त केल्या, घडवण्यावरही बंदी घातली. या वेळची बंदी १८७६ पेक्षा कडक होती, कारण आता भट्टीच बंद. सादाकाझुचा नातू सादाइची तेव्हा अडतीस वर्षांचा होता. आजोबा जवळपास त्याच वयात याच वळणावर उभा होता.

१९५३ मध्ये तलवार कलावस्तू म्हणून घडवायला पुन्हा परवानगी मिळाली. १९५५ मध्ये पात्यांच्या कामासाठी राष्ट्राची ‘जिवंत संपदा’ हा मान ज्याला प्रथम मिळाला, तो ताकाहाशी सादात्सुगु हा सादाकात्सुचाच शिष्य. सादाइचीला तो १९७१ मध्ये मिळाला. त्याने ओसाका सोडून नारा भागातील साकुराई या गावी भट्टी नेली. आज तेथील नियमांप्रमाणे परवानाधारक लोहाराला महिन्याला दोनच लांब किंवा तीनच आखूड पाती घडवता येतात, आणि परवान्याआधी गुरूकडे पाच वर्षे काढावी लागतात. सादाइची १९९५ मध्ये वारला. तोवर त्याचा मुलगा सादातोशी घराण्याचा हातोडा सांभाळू लागला होता.

जुनी पाती पाहणारा जाणकार आधी मूठ काढतो. मुठीतल्या भागावर चढलेला गंज कधीच घासायचा नसतो, कारण पात्याचे खरे वय त्याच्यावरून कळते. शंभर-सव्वाशे वर्षांच्या पात्यावर हा थर अजून पातळच असतो आणि छिन्नीचे घाव त्याखाली उठून दिसतात. सादाकाझुच्या पात्यांवर ते असेच दिसतात, आणि त्यांतली काही पाती त्या तीस वर्षांतली आहेत.